दूध अंगावर पाजा, दुखणं अंगावर काढू नका



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, बायका उठल्या, आणि एक सून हळूच माझ्याजवळ सरकली. बाळ सात महिन्यांचं. छातीत दीड महिन्यापासून गाठ लागत होती. घरात सांगितलं तर उत्तर मिळालं, "दूधनी गाठ शे, जिरी जाई. पाजणाऱ्या बाईला कॅन्सर होत नाही."

यातलं निम्मंच खरं आहे. २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. सगळ्या बाळंतपणांचे पाजण्याचे महिने मिळून मोजले, तर दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ४ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून पाजणं बाळाच्या भल्याचं, तसं आईच्याही. पण धोका कमी होतो, संपत नाही. आणि कॅन्सर सुरू झाला असेल, तर पाजल्याने तो थांबत नाही. जिला पाजता आलं नाही, तिला मात्र कुणी बोल लावू नका.

दूध साचून आलेली गाठ पाजल्यावर सहसा मऊ पडते, काही दिवसांत जाते. दोन आठवड्यांत गेली नाही, तर दुखत नसली तरी दाखवा. कातडी ओढली गेली, बोंड नव्याने आत गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर लगेच दाखवा. "बाळाचं दूध सुटल्यावर बघू" म्हणू नका. पाजत असतानाही सोनोग्राफी होते. दुधातून बाळाला कॅन्सर लागत नाही. केमो द्यायची वेळ आली तर पाजणं थांबवावं लागतं. ते डॉक्टर सांगतात.

मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. त्यांच्यात आजार लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मोठं मशीन नव्हतं, शिकलेला हात होता. आपल्याकडेही तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

त्या सुनेला घेऊन मी दवाखान्यात गेले. कापूस वेचणीचा एक रोज बुडाला. गाठ दुधाचीच निघाली. पण ते तपासल्यावर कळलं, घरात बसून नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की एकमेकींना एवढं विचारा: गाठ लागते का गं कुणाला?