भोक ‘बरोबर’ आहे म्हणजे काय?

(कमलनगर येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



भाषेच्या व्यासपीठावर मिलिंग मशिन शिकवणाऱ्या माणसाला बोलावलेत, याबद्दल आभार. कमलनगर, औराद, भालकी या भागांतील मराठी शाळांतून मुले माझ्याकडे येतात. घरी मराठी, बाजारात कन्नड, तांत्रिक पुस्तकात इंग्रजी. त्यांचा हात चांगला चालतो. अडते ते सांगताना.

एकच उदाहरण घेतो. ठोकळ्यात ५० मिलिमीटर व्यासाचे भोक करून त्यात बेअरिंग बसवायचे आहे. ‘एच-७’ प्रमाणानुसार व्यास ५०.००० ते ५०.०२५ मिलिमीटर चालतो. मुभा २५ मायक्रॉनची. डोक्याचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो.

मुलगा म्हणतो, “सर, भोक बरोबर आहे.” मी विचारतो, “कशात बरोबर? मापात, गोलाईत की जागेत?” हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

आधी जागा. ड्रिल आत शिरताना बाजूला सरकू शकते. म्हणून भोक थोडे लहान पाडतात आणि बोअरिंग हेडने वाढवतात. त्यातले एकच पाते स्पिंडलच्या आसाभोवती फिरते आणि तिरपे गेलेले भोक आसावर आणते. बैलगाडीचा आस झिजला तर चाक डुगडुगते, हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

मग माप. पाते ०.०५ मिलिमीटर बाहेर काढले की व्यास ०.१० ने वाढतो. व्यास त्रिज्येच्या दुप्पट, हा शाळेतलाच धडा. इथे विसरला तर काम भंगारात जाते.

शेवटी गोलाई. सीएनसी मशिनवर दोन दिशांच्या चाली एकत्र करून कटर वर्तुळ काढतो. एका फेऱ्यात प्रत्येक चाल दोनदा उलटते. स्क्रूमध्ये ढिलाई असेल तर त्या चार जागी खुणा उमटतात. दोन ठिकाणी मोजून माप बरोबर आले, तरी गोलाई बिघडलेली असू शकते. ‘माप’ आणि ‘गोलाई’ हे दोन शब्द ज्याच्या मनात वेगळे आहेत, तोच हा दोष शोधतो.

म्हणून माझे मागणे प्रतिशब्दांचे नाही. स्पिंडल, बोअरिंग, कटर हे शब्द खुशाल राहू देत. सरकते, उलटते, डुगडुगते ही क्रियापदे आपली आहेत. यंत्रात काय घडते ते त्यांनीच कळते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मराठी मासिक निघाले. कारखाना आणि मराठी गद्य यांची ओळख जुनी आहे.

शिक्षकांनी वर्तुळाचा धडा शिकवताना मुलांना जवळच्या वर्कशॉपमध्ये न्यावे. लेखकांनी तिथल्या कामगाराचे बोलणे ऐकून लिहावे. आणि विद्यार्थ्यांनो, रोज केलेले काम पाच ओळींत मराठीत लिहा. जे नेमके सांगता येते, तेच दुसऱ्याला शिकवता येते.