परसातलं लाकडी घर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी आम्ही दोघं पाच महिने अमेरिकेत, पोर्टलँडला लेकीकडे होतो. "काका, कंटाळा नाही आला?" असं जिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं. नाही आला. लेक-जावई परसात घर बांधत होते, ते बघण्यात दिवस गेले.

पोर्टलँडमध्ये राहत्या घरामागे दुसरं छोटं घर बांधता येतं, जास्तीत जास्त ८०० चौरस फुटांचं. लेकीनं ५५० फुटांत बसवलं. पाया काँक्रीटचा, वर सगळं लाकूड. माझा जन्म गेला सिमेंट बघण्यात. मनात दोन शंका होत्या, आग आणि थंडी.

हे लाकूड म्हणजे साध्या फळ्या नव्हेत. फळ्यांचे तीन, पाच किंवा सात थर एकावर एक उभे-आडवे रचून, चिकटवून जाड पॅनेल करतात. ही पद्धत १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत पुढे आली. दारं-खिडक्यांच्या जागा कारखान्यातच कापून येतात. क्रेननं पॅनेल उचलली, स्क्रूनं जोडली. तीन दिवसांत भिंती आणि छप्पर उभं! ना सेंट्रिंग, ना क्युरिंग.

आगीचं म्हणाल, तर जाड लाकूड बाहेरून कोळशासारखं जळतं आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला बराच वेळ सांभाळतो. थंडीचं असं, की लाकडातून उष्णता काँक्रीटच्या मानानं दहापटीहून कमी जाते. तरी तेवढ्यावर भागत नाही. बाहेरून इन्सुलेशन लावलं, फटी टेपनं बंद केल्या. आत हवा खेळती ठेवणारं यंत्र आहे. ते बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देतं. मग आपल्या एसीच्याच जातीचा लहानसा हीट पंप पुरतो.

घर पुरं झालं तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, हे तुमच्या दोघांसाठी. आता कायमचे इथेच या." रात्रभर झोप नाही. सकाळी हिनं विचारलं, "तिथे दुपारी बेल कोण वाजवणार?" माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस डबा कुणी पोचवला, ते या हॉलमध्ये बसलेत. शेवटी ठरलं: उन्हाळा तिकडे, बाकीचं वर्ष इथे.

आपल्याला परस नाही. शिवाय आपला पाऊस आणि वाळवी वेगळी. घराची नक्कल नको, पण तत्त्व घेऊ या: उष्णता बाहेरच अडवायची. वरच्या मजल्यावरची मंडळी मे महिन्यात भाजून निघतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग यंदा करायचंच आहे, तर वरचा थर पांढरा, ऊन परतवणारा घ्यावा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जे करावेत. जनरल बॉडीत हा विषय मी मांडणार आहे. विरोध करायचा असेल तर चहाला घरी या, आधी तिथेच भांडू.