मधुमेह आणि घरचे ताट



घरोघरी आंब्याच्या अढ्या लागलेल्या असताना मधुमेहावर व्याख्यान ठेवणाऱ्या चालकांच्या धैर्याचे आम्ही प्रथम अभिनंदन करतो. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. गेली ११ वर्षे या व्याधीशी आमचा संसार चालू आहे, एवढाच काय तो आमचा अधिकार.

हा रोग नवा नाही. निर्धन प्रमेह्याने अनवाणी शंभर योजने चालावे, असे सुश्रुताने सांगितले. चरकाने त्याच्या जेवणात जव ठेवले. खात्रीचा उपाय मात्र अलीकडचा. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका मुलास प्रथम टोचण्यात आले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे चार दिवस वाढवीत. तेव्हा पथ्य म्हणजे उपासमार, हे खरेच होते. आज ते खरे नाही. पण पथ्य म्हणजे शिक्षा, ही समजूत आमच्या घरांतून अजून गेलेली नाही.

आमच्याच घरचे सांगतो. निदान झाल्या दिवसापासून घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. आमच्या पानात दोन फुलके आणि कारल्याची भाजी. शेजारच्या पानांत वाफाळता भात, बटाट्याची भाजी, शिकरण. सर्वजण आमच्याकडे दयेने पाहत आणि आम्ही त्यांच्या पानांकडे आशेने पाहत असू. परिणाम व्हायचा तोच झाला. रात्री सामसूम झाली, की आम्ही लाडवांच्या डब्याशी हितगूज करू लागलो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी ही चोरी नेमकी पकडी; मग घरात बोलणी, मग अबोला. सात वर्षे असेच चालले.

त्यानंतर आमच्या थोरल्या मुलाने विम्यासाठी रक्त तपासले. वय ३६, अंगाने सडपातळ. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर! आम्ही चकित झालो. पण होण्याचे कारण नव्हते. भारतीय माणूस वरून बारीक दिसला, तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण बरेच असू शकते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पूर्वीच दाखविले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात मधुमेही १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी. म्हणजे ज्याला आम्ही निरोग्याचे ताट म्हणत होतो, तेच रोगाची वाट तयार करीत होते. त्या संध्याकाळी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "आता या घरात दोन चुली नकोत."

आजच्या व्याख्यानाचे सार तेच आहे. मधुमेह्याला वेगळे ताट देऊ नका. घराचेच ताट बदला.

आपल्या पूर्वापार वाढपात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्यभागी भात-पोळी. ही मांडणी मोडायची नाही. डावी-उजवी बाजू वाढवायची आणि मधली आटवायची. चमचाभर कोशिंबीर आता वाटीभर झाली. मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण किंवा अंडे रोज आले. भाताचा डोंगर होता तेथे मूद राहिली. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खावी आणि भात-पोळी मागाहून. तेच अन्न या क्रमाने खाल्ले तर रक्तातील साखर कमी उसळते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे. सुश्रुताच्या शंभर योजनांपैकी एवढे तरी आपल्याला जमेल.

काही भ्रम मात्र सोडले पाहिजेत. गूळ चालतो, असे म्हणणारे प्रत्येक लग्नात भेटतात. गुळातही मुख्यतः साखरच असते. भाकरीत पोळीपेक्षा पिष्ट फारसे कमी नसते. ती कोंड्यासकट असते, पोट लवकर भरते, हा तिचा गुण. तो गुण चार भाकऱ्या खाऊन घालवू नये. आणि चहा! दिवसाचे पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर आपण न जेवताच घेतो.

आणि आंबा? १०० ग्रॅम फोडी म्हणजे साधारण एका फुलक्याचा हिशेब. फुलका सोडून फोडी खाव्यात. साखर घातलेला रस आणि वर सहा पुऱ्या, हा हिशेब मात्र कोणत्याच वहीत बसत नाही.

एक इशारा गंभीरपणे देतो. एका आषाढी एकादशीला आम्ही सवयीने गोळी घेतली आणि निर्जळी उपास केला. दुपारी हातपाय कापू लागले, घामाने अंग भिजले, शब्द जुळेनात. साखर ७० च्या खाली गेली होती. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, तेव्हा पंधरा मिनिटांनी माणसांत आलो. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याखेरीज उपास करू नये; आणि उपासाचा साबुदाणा म्हणजे बहुतांशी निव्वळ पिष्ट, हेही विसरू नये.

आता चार वर्षे आमच्या घरी एकच स्वयंपाक होतो. आमच्या गोळ्या चालूच आहेत. औषधाची जागा ताटाने घ्यावी, असा आमचा दावा नाही. पण मुलाचा आकडा उंबरठ्यावरून मागे आला आणि लाडवांच्या डब्याकडे रात्री जाण्याचे कारण उरले नाही. सणाला लाडू होतो, अर्धा आमच्या पानात उघडपणे वाढला जातो, आणि तो आम्ही सर्वांसमक्ष खातो.

भगिनींना एक विनंती आहे. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा शब्द आहे. यापुढे तो कोशिंबिरीचा करावा. बंधूंना त्याहून मोठी विनंती अशी, की ती कोशिंबीर चिरण्यास आपणही विळीवर बसावे. पथ्याचे सारे ओझे घरातील एकाच बाईवर टाकले, तर ते फार दिवस टिकत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.