खारापाटांतील दहा गुंठे
(खाडीकांठच्या एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



नवें शेत कसें उभें करावें यावर तुम्हीं आम्हांस बोलावयास सांगितलें. आम्ही पडलों गांवचे मास्तर. पण घर शेतकऱ्याचेंच, म्हणून चार गोष्टी सांगतों. कडू लागल्या तरी ऐकून घ्या.

पहिली गोष्ट जमिनीची. ही जमीन कोणीं दान दिलेली नाहीं. ह्याच अलीबाग तालुक्यांत चरीच्या शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. शेतें पडीक टाकलीं, लांकूडफाटा विकून पोरें जगविलीं, पण खोतापुढें मान लवविली नाहीं. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती मोडण्याचें बिल कायदेमंडळांत मांडलें. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती मोडण्याचा कायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हीं त्या उपासांचीं फळें होत.

खोत गेला, पण आज दलाल आला आहे. तो गोड बोलतो, चहा पाजतो, गुंठ्याचा भाव सांगतो. एक गोष्ट मात्र सांगत नाहीं. आपल्या राज्यांत बिनशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. शेवटचा गुंठा विकलात, कीं तुम्हीही बिनशेतकरीच! मग हातांत पैसा असूनही परतीची वाट बंद. म्हणून सातबारा स्वतः वाचावयास शिका. जोतीरावांनीं विद्येचा आग्रह धरला तो एवढ्यासाठींच. आणि त्या सातबाऱ्यावर घरच्या बाईचें नांव घाला. चिखलांत निम्मी कंबर तिचीच मोडते.

दुसरी गोष्ट बांधाची. खारापाटांत आधीं बांध, मग शेत. आमच्या वाट्याचा बांध एका वर्षीं आम्ही ‘शेजारी पाहील’ म्हणून तसाच टाकला. शेजारी आमच्याकडे पाहत बसला. उधाणाला खांड पडली, खारें पाणी शिरलें, आणि तीन वर्षें दोघांच्याही घरीं भात आलें नाहीं. खाडी जात विचारीत नाहीं, कीं भाऊबंदकी विचारीत नाहीं. तेव्हां पावसाआधीं घरटी एक माणूस बांधावर हवाच. उघाडीचें दार भरतीला मिटलें व ओहोटीला उघडलें पाहिजे; तें करणाऱ्या सुतार-लोहारांस रोख मजुरी द्या, पसाभर भातावर त्यांची बोळवण करूं नका.

वर आलेलें मीठ पहिल्या पावसांत धुवून उघाडीवाटे खाडीस लावावें. मग बीं भिजवून, मोड आणून, रहू पद्धतीनें चिखलांत फेकावें. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें काढलेल्या पनवेल १, २, ३ ह्या भाताच्या जाती खार सोसतात; त्यांचें बियाणें मागावें.

तिसरी गोष्ट वाडीची. घरालगतची गोड्या पाण्याची दहा गुंठे जागा घ्या. पंचवीस फुटांवर एक माड धरला, तर सतरा माड बसतात. बाणवलीला फळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. तोंवर खायचें काय? मधल्या जागेंत केळी, पडवळ, कारलीं, लाल माठ लावा. सावली झाली, कीं सुपारी व मिरीवेल. विहिरीवर मोठा पंप बसवूं नका. समुद्राजवळ उपसा फार झाला, कीं विहिरींत खारें पाणी ओढलें जातें. सावकाराच्या पैशावर एक एकर लावण्यापेक्षां घरच्या घामावर दहा गुंठे बरे.

आणि मुहूर्ताचें काय? पाऊस पंचांग पाहून पडत नाहीं. पहिली कुदळ भटजीस दक्षिणा देऊन मारूं नका. घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या हातून मारवा. तिनें ह्या मातीसाठीं जितकें सोसलें, तितकें कोणीं सोसलेलें नाहीं. दक्षिणेच्या पैशांत दोन माडांचीं रोपें येतील.

मुलांनीं मुंबईस जावें, शिकावें, नोकरी करावी. आमचें नाहीं म्हणणें नाहीं. पण परत यावयास दहा गुंठे ठेवा. ज्यास परतावयास जागा आहे, त्याला शहरांत कोणीही वांकवूं शकत नाहीं.

येत्या रविवारीं उघाडीपाशीं जमूं. आम्ही घमेलें घेऊन येतों. तुम्ही कुदळी आणा.

सत्यमेव जयते.