वाचनालयाची किल्ली

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, ते आजही चालू आहे. स्थापन करणारे गेले, संस्था राहिली. कारण एका मंडळाने दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवला. आपल्या गावच्या वाचनालयाचे काय? चिटणीस बिनपगारी राबतात खरे, पण हिशेबाची वही नि किल्ली वीस वर्षे त्यांच्याच घरी! न्यासाचे विश्वस्त बदलले, की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. ते राहिले, की पुढे खरे मंडळ कोणते यावर वाद होतो, आणि कुलूप मात्र पुस्तकांना लागते. तेव्हा गुरुजी, पुढच्या सभेला एखाद्या तरुणाला शेजारी बसवा. इतिवृत्त त्याच्याकडून लिहून घ्या. किल्ली वेळेवर दुसऱ्याला देणे, हीही सेवाच आहे.