भिंत, रंग आणि रोगण

बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमासारख्या गावी एखाद्या जुन्या मातीच्या घरास मोठ्या हौसेने प्लॅस्टिक रंग देण्यात येतो. वर्षानुवर्षे दिलेले चुन्याचे हात खाली तसेच असतात. दिवाळी थाटात जाते. पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच रंगाचे पापुद्रे लोंबू लागतात. घरधनी रंगास बोल लावतो. परंतु त्याने पापुद्रा उलटून पाहावा! पाठीस चुन्याची भुकटी घट्ट बिलगलेली आढळेल. रंगाने पकड सोडलेली नसते. भिंतीपासून सुटलेला असतो तो चुना.

हे ध्यानी घेतले म्हणजे हिवऱ्याच्या वायव्येस असलेल्या अजिंठ्याची हकीकत उमगते. तेथे कातळावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर सरसासारख्या द्रव्यात कालविलेले रंग. ही चित्रे जपण्यासाठी हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० साली चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा बसविला आणि चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. हेतू निर्मळ होता, यात शंका नाही.

लाख हा एका किड्याने निर्मिलेला पॉलिमरच होय. स्पिरिटात विरघळवून लावली असता ती पृष्ठभागाच्या सूक्ष्म खळग्यांत शिरते व रेणूस रेणू भिडतो. चिकटण्याचे मर्म या जवळिकीत आहे; मध्ये धूळ वा तेलकटपणा आला की ती नासते. पण स्पिरिट उडाल्यावर थर आकसू पाहतो आणि खालचा पृष्ठभाग त्यास आकसू देत नाही. मग थरात ताण साठतो; थर जितका जाड, तितका तो सोलवटण्याचा धोका अधिक. त्यातच वयोमानाने लाख पिवळी, ठिसूळ व सहसा न विरघळणारी होते. अशा ओढाताणीत दुबळा जोड आधी तुटतो. अजिंठ्यास लाखेची रंगावरील पकड पक्की, रंगाची चुन्यावरील कच्ची. तेव्हा रोगणाच्या पापुद्र्यासवे रंगही उचलला जाऊ लागला.

कारखान्यात पकड तपासताना पात्याने रंगावर चौकटी कापतात, चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढतात व सुटलेल्या चौकटी मोजतात. पत्र्यावर हे ठीक. अजिंठ्याच्या पद्मपाणीवर पाते चालविण्यास कोण धजेल?

स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी हे रोगण उतरविण्याचे काम हाती घेतले. द्रावक असे हवे की लाख सुटावी, पण रंगातील सरस विरघळू नये. सरस पाण्यास भितो, स्पिरिटास नाही. एवढ्याच फरकावर सारी भिस्त. जेथे ते साधले, तेथे पिवळ्या पडद्याआड हिरवट भासणारा निळा रंग पुन्हा निळा दिसू लागला.