उचलीचा हिशेब आपल्या वहीत



भात झोडून झाले, दिवाळी सरली, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दारे बंद दिसू लागतात. कातकरी, ठाकूर कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. बाकी सारे घर जाते, पोरांसकट. पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात.

जाण्याआधी शेठ उचल देतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कुणी आजारी पडते, कुणाचे लग्न निघते. उचल घेऊच नका, असे सांगायला आम्ही आलो नाही. रिकाम्या पोटाला तसे सांगणे फार सोपे असते. पण घेतली, तर लिहून ठेवा.

समजा, उचल घेतली ३०,००० रुपये. हजार विटांना दर ठरला ८०० रुपये. हंगामात नवराबायकोने मिळून १ लाख विटा पाडल्या. मजुरी झाली ८०,०००. आठवड्याची खर्ची १,५००, आठवडे २४. म्हणजे खर्ची ३६,०००. उचल आणि खर्ची मिळून ६६,०००. मग शेठकडून १४,००० रुपये येणे निघाले. आणि शेठ काय म्हणतो? "अजून फिटली नाही. पुढल्या साली या." विटा कुणी मोजल्या? त्याच्याच मुकादमाने. वही कुणाची? त्याचीच. आपला फक्त अंगठा!

उचलीपायी माणसाला डांबून ठेवणे म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आहे. वेठबिगाराचे असले कर्जही कायद्यानेच संपते. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याच्या आधारे ठाणे जिल्ह्यात कितीतरी वेठबिगार सोडवले. तेव्हा कुणी अडवले, तर तहसीलदाराकडे जा. वही बरोबर न्या.

आता पोरांचे. आई चिखल करते, बाप विटा पाडतो, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते. तिची शाळा तिथेच सुटते. पूर्वी अनुताई वाघांनी कोसबाडला गुराख्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. पोर शाळेत येत नाही ना, मग शाळा पोराकडे जाऊ द्या, एवढी साधी गोष्ट. पंडितांच्या विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या, त्याही तशाच. भोंगा म्हणजे भट्टीवरचे आपले खोपटे, हे तुम्हांला कशाला सांगायला हवे!

निघताना गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवले, की मुलाला वर्गात बसता येते. तान्ह्या बाळाच्या लशींचे कार्डही घ्या, म्हणजे राहिलेली लस तिकडच्या दवाखान्यात टोचतील. रेशनकार्ड आधारला जोडलेले असले, तर धान्य तिकडच्या दुकानातही मिळते. ही कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. भोंगा गळतो.

आज प्रत्येक घराला एक वही देतो आहोत. पहिल्या पानावर तारीख घाला, उचल लिहा, विटांचा दर लिहा. पुढे रोजच्या विटा आणि दर आठवड्याची खर्ची. ज्यांना आकडे येतात, त्यांनी शेजारणीला शिकवा. चला, पेन्सिली घ्या. पहिले पान आत्ताच लिहू.